कुंदखेड्याचं उखळ

गेल्या आठवड्यात बसस्टँडच्या कोपऱ्यावर एक बाई गोणपाट अंथरून ज्वारीची हिरवी कणसं विकायला बसली होती. मी भाजी आणायला निघाले होते. भाजी राहिली बाजूला, मी कणसंच घेऊन घरी आले. आता गॅसवर कुठं हुरडा भाजतात का! पण भाजला. जाळी ठेवली, घरभर धूर केला, गरम कणीस तळहातावर चोळून जोरात फुंकर मारली आणि अर्धा कोंडा डोळ्यांत घालून घेतला. आमचे हे दारातून बघत होते. म्हणाले, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा तळ्यावर जाऊ की रविवारी." तळ्याचं नाव निघालं आणि मी गप्प झाले. मी गप्प झालेली पाहून ते घाबरलेच, कारण असं फार क्वचित होतं.

मला चौकशा फार. माझं माहेर अंबड तालुक्यातलं, कोरडवाहू रानातलं. तिथं पाणी कमी आणि प्रश्न जास्त. आई म्हणायची, "ह्या पोरीला न्हाऊ घालताना कानात पाण्याऐवजी सवालच गेले." हे असं का, ते तसं का, त्या काकूंचं नाव कोणी घेत का नाही, ह्या देवाला शेंदूर आणि त्या देवाला नाही असं का. उत्तर मिळालं नाही तरी चालायचं, विचारल्याशिवाय मात्र राहवायचं नाही. लग्न होऊन भोकरदनला आले तेव्हा आईनं बजावलं होतं की निदान एक वर्ष तरी तोंड मिटून राहा. मी एक हिवाळाही काढला नाही.

त्याला कारण आबा, म्हणजे माझे सासरे. आमच्या घरात हुरड्याची आगटी पेटली की आबांची गोष्टही पेटते. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसायची, उपरण्यानं धूर बाजूला सारायचा आणि सुरू करायचं. "आमचा खापरपणजा राणोजी. दुष्काळात मुलूख सोडून आला. दोन बैल, एक बायको, एक उखळ. मोगलाईचा जमाना. इथं समदं रान. माणूस न्हाई, काणूस न्हाई, कमरंइतका कुंदा माजलेला. राणोजीनं कौल घेतला, कुंदा मोडला, काळी मोकळी केली आन् पांढरी बसवली. म्हून गावाचं नाव कुंदखेडा."

काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे घरांची जागा, एवढं मला कळत होतं. कौल म्हणजे काय ते ह्यांनी समजावलं. ओसाड पडलेली जमीन कोणी मोडून पेरली तर त्याला काही वर्षं सारा माफ, असं सरकारचं वचन. म्हणजे जमीन फुकट, फक्त आधी ती जमिनीसारखी करायची. एवढं ऐकून नव्या सुनेनं "वा" म्हणून हुरडा खायला हवा होता. मी विचारलं, "आबा, बायकोचा नंबर बैलांनंतर का?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत.

पुढच्या वर्षी दुसरा प्रश्न. कुंदा म्हणजे काय चीज आहे ते मी माहेरी बघितलेलं होतं. वरून नुसतं गवत, पण मुळ्या खोल, एकीत एक गुंतलेल्या, एवढासा तुकडा राहिला तरी पुन्हा उगवणार. बांधालगतचा एक पट्टा काढायचा तर वडील माणसांची टोळी लावत आणि ती टोळी कुदळी मारून मारून टेकीला यायची. इथं तर आख्खं रान. काळ्या जमिनीतला तो जुना लाकडी नांगर ओढायला चार-चार, सहा-सहा जोड्या जुंपत. मग एका जोडीनं राणोजीनं कुंदा मोडला कसा?

"राणोजी गडीच तसा व्हता," आबा म्हणाले. पुढची बरीच वर्षं माझ्या सगळ्या प्रश्नांना हेच एक उत्तर होतं.

कुंदखेडा मी कधी पाहिला नाही. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी नदीवर धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. लोक वर माळावर नव्या गावठाणात राहायला गेले. आबा भोकरदनला आले आणि त्यांनी बी-बियाण्याचं दुकान टाकलं. तळ्याकडं बोट दाखवून "ते आमचं गाव" म्हणायचं, बाकी काय दिसणार? पाणी, पाण्यावर बगळे, काठावर वठलेल्या बाभळींचे काळे बुंधे. मी मात्र त्या पाण्याकडं बघत बसायचे. चूल कुठं असेल, वेस कुठं, पोरं कोणत्या झाडावर चढत असतील. माणसं निघून गेल्यावर गावात मासे आले तेव्हा ते कोणत्या घरात आधी शिरले असतील, असंही मनात यायचं. हे कोणाला विचारण्यासारखं नव्हतं.

विचारलं ते फक्त आत्याबाईंना. गंगाआत्या, आबांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली आणि अगदी कोवळ्या वयात कपाळ पांढरं होऊन भावाच्या घरी परत आली. तेव्हापासून आमचं घर तिच्या हातावर चाललेलं. ह्यांना तिनं वाढवलं, माझ्या लेकीला, आशूला, तिनंच. गाव सोडताना बैलगाडीत बसायच्या आधी तिनं घर झाडून काढलं होतं म्हणे, शेणसडाही टाकला होता. मी म्हटलं, "आत्याबाई, बुडणारं घर झाडून काय उपयोग?" तर म्हणाली, "दुसऱ्याच्या हवाली घर करायचं म्हंजे झाडून द्यायला नगं? पाणी झालं तरी पाव्हणाच की त्यो."

ज्या हिवाळ्याची ही आठवण आहे त्या वर्षी हा पाहुणा नीट आलाच नव्हता. पाऊस रुसला, तळं जेमतेम बुडाशी साठलं आणि दिवाळीपर्यंत मागं मागं सरत गेलं. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी ज्वारी पेरली. गाळपेर म्हणतात त्याला. वर माळावरच्या ज्वाऱ्या करपल्या होत्या आणि तळ्याच्या पोटात मात्र पुरुषभर उंच, काळपट हिरवं पीक डुलत होतं. आणि त्याच वर्षी आमच्या आशूचं लग्न ठरलं.

घरात आनंद होता आणि भांडणही होतं. आमच्याकडं लग्नाआधी घाणा भरतात. दोन मुसळं सुतानं एकत्र बांधायची, आंब्याची पानं लावायची आणि पाच सवाष्णींनी धरून उखळात हळकुंडं कांडायची. तीच हळद नवरीला. आशूनं जाहीर केलं की पहिला हात गंगाआजीचा, नाहीतर घाणाच नको. आता आबा चिडतील म्हणून आम्ही आबांकडं बघितलं, तर चिडली आत्याबाईच.

"येडी का खुळी? रीत हाय ती."

"मला कोणी वाढवलं? तू. मग माझी हळद दुसऱ्यांनी का कांडायची?"

"आशे, माझा हात लागला आन् उद्या तुझ्या संसाराला काई झालं, तर मी कुटं तोंड दाखवू? लोक म्हणू दे न म्हणू दे, मलाच झोप लागायची न्हाई."

तिनं ते रागानं म्हटलं. पण ती खरंच घाबरली होती. जिला आम्ही विंचू चिमट्यात धरताना पाहिलंय, ती बाई आपल्याच हाताला भीत होती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. पण कोणावर चिडायचं ते कळेना, कारण तिला कोणी अडवतच नव्हतं. आजवरच्या प्रत्येक घाण्याला ती आपणहून मागं, पुरणाच्या कढईपाशी जाऊन बसत आली होती. बायका मांडवात गात असायच्या आणि ही आत पुरण घोटत असायची. आशू ऐकेना, आत्या ऐकेना. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. शेवटी हे म्हणाले, "चला, तळ्यावर हुरड्याला जाऊ. समद्यांची डोकी थंड होतील."

केदारखेड्याच्या अंगानं गाडी खाली उतरली तशी मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. तळ्याच्या तळात गाडी चालत होती, मला तर वाटलं आता मासे बाजूला होतील. जमिनीला भेगा, भेगांत पांढरे शिंपले, मध्येच कौलाचे तुकडे. गाळपेरीच्या कडेला साळवे उभे होते. त्यांचे वडीलही कुंदखेड्याचेच. धरण झालं तशी तीही मंडळी माळावर गेली. नव्या गावठाणात विहाराशेजारी त्यांचं घर आहे आणि बियाणं आमच्याच दुकानातून नेतात.

"जयभीम, आबा. या, या. तुमच्या गावात तुमचं स्वागत."

"रामराम. गावात न्हाई, गाळात म्हन," आबा म्हणाले.

साळव्यांच्या बायकोनं, कांताबाईंनी, आगटी पेटवली होती. खमंग धूर, चटचट उडणारे दाणे, हातावर चोळलेला गरम मऊ हुरडा. गूळ होता, दही होतं, आणि मग कळलं की लसणाची चटणी घरीच राहिली. बरणी भरून मी ओट्यावर ठेवली, ह्यांनी ती गाडीत ठेवायची होती. ह्यांचं म्हणणं, मी सांगितलंच नव्हतं. असो. चटणीशिवाय हुरडा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. कांताबाई म्हणाल्या, "लसूण हाय, मिरच्या हायेत, शेंगदाणे हायेत. पर कुटायचं कशात? खलबत्ता वर घरी राह्यला. एखादा खोलगट दगूड बघा इकडंतिकडं."

दगड शोधायला आशू गेली. थोड्या वेळानं लांबून तिची हाक आली. "आई! ये ना इकडं, लवकर! केवढं मोठं उखळ आहे बघ!"

आम्ही सगळेच गेलो. ज्वारी संपत होती तिथं दगडांच्या ओळी जमिनीतून वर आल्या होत्या. भिंती नव्हत्या, नुसते पाये. इथून तिथवर खोली, इथं दार, एवढंच कळत होतं. गाव सोडताना लोकांनी दारं नेली, तुळया नेल्या, भिंतींचे घडीव दगडसुद्धा गाड्यांत घालून नेले. उखळ मात्र जमिनीत गाडलेलं, ते कोण उपटणार? आशू गुडघ्यावर बसून त्यातला गाळ ओंजळीनं उपसत होती. काळा दगड, काठ झिजून गुळगुळीत झालेला, एका बाजूला बोट बसेल एवढी खाच. आणि तोंड केवढं! मी इतकं मोठं उखळ कोणाच्या घरात पाहिलेलं नव्हतं.

मागून आत्याबाई आली. तिनं त्या खाचेत बोट घातलं आणि तिथंच खाली बसली. "ह्ये आपलंच," ती म्हणाली. "दादा, आपण घरात उभे हाओत." आबांनी पटकन पायातल्या वहाणा काढल्या. घराला छप्पर नव्हतं, भिंत नव्हती, पण तेवढ्या शब्दासरशी आम्ही सगळ्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. साळव्यांनीसुद्धा.

आबांना आता कोण आवरणार! गाळात उभं राहून त्यांनी गोष्ट सुरू केली. "इथंच, बघ आशू, इथंच राणोजी आला. दोन बैल, एक बायको, एक उखळ..." नेहमीप्रमाणे मी "हं" म्हणत होते, पण माझे डोळे त्या उखळावर होते. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. घरात आधीच काय कमी होतं? पण राहवलंच नाही.

"आबा, घरात तिघं-चौघं माणसं. मग त्यांना एवढं मोठं उखळ कशाला?"

"राणोजी गडीच तसा व्हता."

"म्हणजे काय, टोपलंभर कण्या एकटा खायचा?"

आशू फस्सकन हसली. आबांच्या कपाळाला आठी पडली. आणि तेवढ्यात आत्याबाई बोलली. उखळातला गाळ बोटांनी खरवडत, मान वर न करता, सहज.

"इर्जिकीसाठी हाय त्ये. माणसांना जेवू घालायला लागत व्हतं ना."

इर्जिक म्हणजे ज्याचं काम एकट्यानं होण्यासारखं नाही त्याच्या शेतात आजूबाजूच्यांनी आपापले बैल, आपापली अवजारं घेऊन यायचं. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. आबा म्हणाले, "इर्जिक कसली? राणोजीनं एकट्यानं..."

"खोटं नको सांगू दादा," आत्याबाई फाडकन म्हणाली. "राणोजी आल्ता खरा. पर आईच्या कडंवर बसून."

आशू आजीजवळ सरकली.

मग तिनं सांगितलं. आली ती राणोजीची आई, भागी. दुष्काळात जगायला निघाले तर नवरा वाटेतच गेला. जवळ बैल नाही, बाडबिछाना नाही. होतं ते कडेवरचं लेकरू आणि डोक्यावर जोंधळ्याचं गाठोडं. कौल मागायला गेली तर बाईच्या नावानं कोण देणार, म्हणून लेकराच्या नावानं दिला. तिथून सगळीकडं राणोजीचंच नाव लागलं. आणि मग ही बाई आजूबाजूच्या गावांना दारोदार फिरली. एक दिवस या, एका दिवसापुरते बैल द्या, जेवू मी घालते. जेवू घालायचं तर आधी जोंधळा कांडायला हवा. म्हणून कोणा पाथरवटाच्या हातापाया पडून हे उखळ करून घेतलं. घर नव्हतं तेव्हा उखळ होतं. उघड्या रानात, कुंद्यात. आधी उखळ बसलं, मग त्याच्या भोवती घर आणि घराभोवती गाव.

एका जोडीनं कुंदा मोडला कसा, उखळ एवढं मोठं कशाला, बायकोचा नंबर बैलांनंतर का, इतकी वर्षं अडकलेले सगळे सवाल एका बैठकीत सुटले. बैल तिचे नव्हतेच. आणि ती बायको नव्हती, आई होती.

"तुला हे कोणी सांगितलं?" आबांचा आवाज बारीक झाला होता.

"आपल्या आजीनं. माझ्या घाण्याच्या वख्ताला, ह्याच उखळाशी. मुसळं चालली की घरातल्या म्हातारीनं भागीची गोष्ट सांगायची. तवा गडीमाणसं मांडवाच्या भाईर ऱ्हातेत. तुला कुठून म्हाईत?"

"मग तू कधी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

आत्याबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, की हा प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं. "कुटं बोलू? ती गोष्ट घाण्याला सांगायची. आन् मी घाण्याला कधी असते?"

म्हणजे सांगणारी आत पुरण घोटत बसली आणि बाहेर मुसळं नुसतीच चालत राहिली. कोणी कोणाला मनाई केली नव्हती. गोष्ट तिच्यापाशी येऊन थांबली, एवढंच.

साळवे इतका वेळ ऐकत उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "आत्याबाई, मंग आमचे बी आल्ते का त्या इर्जिकीत?"

"आल्ते की. नांगराच्या मागं कुदळी घेऊन कुंद्याच्या मुळ्या खांदायला तुमचेच व्हते. समद्यात कठीण काम." ती क्षणभर थांबली. "जेवायला मात्र लांब बसवले. म्हातारीनं ते बी सांगितल्तं."

आबा खाली बघायला लागले. तेव्हा कांताबाईंनी लसणाच्या पाकळ्या उखळात टाकल्या आणि म्हणाल्या, "आता तर तुमी आमच्या शेतात बसून खाऊन राह्यले, आबा. चला, जल्दी कुटा, हुरडा गार व्हतोय."

हसू आधी साळव्यांना आलं, मग आम्हाला. आबा सगळ्यात शेवटी हसले, पण हसले.

बाभळीची एक सरळ फांदी सोलून साळव्यांनी मुसळ करून दिलं. उखळ तळ्याच्याच पाण्यानं तीनदा धुतलं. आत्याबाईनं पदर खोचला आणि कुटायला लागली. ह्या वयात काय तिचा हात! लसूण, मिरची, शेंगदाणे, मीठ. दगडाचा तो घुमणारा आवाज गाळावरून लांबपर्यंत जात होता. त्या घरात इतक्या वर्षांनी काहीतरी शिजायची तयारी चालली होती. आशू पुढं झाली आणि तिनं आजीच्या हाताशेजारी मुसळावर आपला हात ठेवला. आजीनं तो ठेवू दिला.

"बघ," आशू हळूच म्हणाली, "झाला की घाणा."

आत्याबाईनं मुसळ सोडून दिलं. "चटणी वेगळी, हळद वेगळी."

"उखळ तर तेच आहे ना?"

आत्याबाई हात झटकून आगटीकडं निघून गेली. चटणी झकास झाली होती, पण त्या दोघींनी ती खाल्ली नाही. परत निघताना ह्यांनी सुचवलं की ट्रॅक्टर आणून उखळ घरी नेऊ, अंगणात बसवू. आत्याबाई म्हणाली, "बिलकुल न्हाई. त्ये पांढरीचं हाय. आपल्याला पाह्यजे तर आपण यावं त्याच्याकडं." मी मागं वळून बघत राहिले. ज्वारीत उखळ दिसेनासं झालं तरी मी बघतच होते.

तळ्यावरून आल्यापासून आबांनी राणोजीचं नाव काढलं नाही. दुकानात बसत, जेवत, पेपर वाचत, पण बोलायचे नाहीत. मला वाटलं, म्हातारपणी त्यांचा राणोजी हिसकावून घेतला आपण. वाईट वाटायचं. आणि लग्न तर तोंडावर आलेलं.

घाण्याच्या दिवशी सकाळी अंगणात मांडव. बाजारातून आणलेलं लहानसं उखळ, सुतानं बांधलेली दोन मुसळं, पाच सवाष्णी हिरव्या चुड्यांनी तयार. आशू पाटावर बसली होती, ओठ घट्ट मिटून. आत्याबाई तिच्या जागी, आत, कढईपाशी. बायका म्हणत होत्या, करा की सुरू. आशू म्हणे, थांबा. किती थांबणार? आणि तेवढ्यात मांडवाबाहेर बसलेले आबा उठले. गडीमाणूस घाण्यात येत नाही. ते बायकांमधून वाट काढत सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"गंगे, ऊठ."

"दादा, भलतं काई बोलू नको. घरात पाव्हणे हायेत."

"पाव्हण्यांनाच ऐकू दे. आपलं गाव कोणी बसवलं?"

आत्याबाईनं खाली मान घातली. "भागीनं."

"ती सवाशिन व्हती का?"

"न्हाई."

"तिच्या उखळातली हळद मला लागली, माह्या बापाला लागली, समद्या खानदानाला लागली. काई वाईट झालं का आमचं?"

"माझं झालं की, दादा."

हे ती अगदी हळू म्हणाली. मांडवातल्या बांगड्या थांबल्या. मला वाटलं, संपलं, आता आबांकडं काय उत्तर असणार? मग ते तिच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले.

"तुझं झालं. आन् तुझी हळद कोणी कांडल्ती गं? पाच सवाशिनींनी. एकूण एक सवाशिन निवडून आणल्ती आईनं. मंग?"

आत्याबाई त्यांच्याकडं बघत राहिली. कढईतलं पुरण खाली लागत होतं, त्याचा वास सुटला होता, कोणीही उलथणं उचललं नाही. इतकी वर्षं ती बाई आपल्या हाताला दोष देत होती आणि हा साधा हिशोब तिला कोणी मांडून दाखवला नव्हता. मीसुद्धा नाही, एवढी सवाल विचारणारी मी!

ती उठली. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. मांडवात आली. एक चुलतसासू तोंड वाकडं करून बाजूला झाली, ती झालीच. तिच्या रिकाम्या जागी आत्याबाई उभी राहिली आणि तिनं मुसळ धरलं. आशू पाटावर बसून ढसाढसा रडत होती. पहिला घाव पडला, हळकुंड मोडल्याचा कडकन आवाज आला.

"एक बाई आल्ती," आत्याबाई म्हणाली, आणि दुसरा घाव घातला.

आणि आता, हे म्हणाले होते तसं, ह्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलोच. ह्या वर्षी पाऊस भरपूर, तळं काठोकाठ. गाळपेर नाही, पाये नाहीत, उखळ कुठंतरी खोल. आगटी साळव्यांच्या वरच्या माळावर पेटली होती. आशू आणि जावई मुद्दाम सुट्टी काढून आले होते. चटणीची बरणी ह्या खेपेला मी मांडीवर घेऊन बसले होते. वारा गार होता, पाणी चकाकत होतं, आणि मला पुन्हा मासे आठवत होते.

विस्तवात कणसं खुपसून आबांनी जावयाला जवळ बोलावलं. "ऐका. दुष्काळात एक बाई आल्ती. भागी तिचं नाव. मी तर पह्यल्यापासून हेच सांगत आलोय."

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझा हात दाबला. मी मिटलं.

आत्याबाई पलीकडं पाण्याकडं तोंड करून हुरडा चोळत होती. बोटांच्या पेरांत हळदीचा पिवळेपणा होता, परवाच शेजारच्या गल्लीतल्या घाण्याला तिला बोलावून नेलं होतं. तिनं न वळताच विचारलं, "आन् बैल कोणाचे?"

"बैल लोकांचे," आबा म्हणाले.

"कुंदा कोणी खांदला?"

"साळव्यांच्या लोकांनी."

"आन् उखळ?"

"उखळ तिचं."

"बराबर," आत्याबाई म्हणाली, आणि हुरड्याची मूठ तोंडात टाकली.